पत्रिकेतले कागद

लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण "उल्का, तुझं बरोबर होतं" हे वाक्य आमच्या ह्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. गॅस संपत आलाय म्हटलं की हे सिलिंडर हलवून बघणार. दूध नासलंय म्हटलं की आधी वास घेणार, मग चव घेणार, मग म्हणणार, "हं, अंदाज होताच." माझं बरोबर निघालं की तो अंदाज, ह्यांचं बरोबर निघालं की तो अनुभव. मीही हट्ट धरला होता, मरायच्या आधी एकदा तरी ते वाक्य ह्यांच्याकडून वदवून घ्यायचं.

नाव गुणवंत. गुणवंत दाभोळे, अवर सचिव, भारत सरकार. मंत्रालय कुठलं ते सांगत नाही, तेवढं शहाणपण आता आलंय मला. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात आमची सव्वीस वर्षं गेली, आणि ह्या माणसाने एवढ्या वर्षांत ऑफिसचं साधं पेन घरात ठेवलं नाही. चुकून खिशात आलं तर दुसऱ्या दिवशी परत. एका दिवाळीत कोणा ठेकेदाराने काजूकतलीचा डबा दारात ठेवून दिला, तर हे बस पकडून करोलबागेत तो परत द्यायला गेले. आमची केतकी तेव्हा सात वर्षांची होती. ती त्या डब्यामागे रडत जिना उतरली होती.

आमचं मराठी मंडळ दर संक्रांतीला पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकावर जातं. सहलीची वर्गणी आणि मंडळाची पैशाची पेटी ह्यांच्याकडे. एका वर्षी बसवाल्याने भाडं थोडं कमी घेतलं, तर उरलेले पैसे, माणशी चौदा रुपये, ह्यांनी घरोघरी जाऊन परत केले. लोक हसले. पण त्यानंतर पेटी दुसऱ्या कोणाकडे द्यायचा विषय मंडळात कधी निघाला नाही.

ऑफिसच्या गाडीचं तर विचारूच नका. माझं अपेंडिक्स फुटायची वेळ आली होती, तेव्हाही हे रस्त्यावर उभे राहून ऑटो शोधत होते. "निवृत्तीच्या दिवशी गाडी घरी सोडते, तो रिवाज आहे. त्या दिवशी बसेन," असं म्हणायचे. दिल्लीच्या सरकारी वस्तीत ही रीत सगळ्यांना माहीत आहे. शेवटच्या दिवशी चार वाजता ऑफिसात समोसे, भाषणं, शाल होते, आणि मग साहेबाला गाडीत बसवून सगळा स्टाफ घरी सोडायला येतो. बायको दारात ओवाळते, शेजारीपाजारी टाळ्या वाजवतात, चहा-फराळ होतो. ब्लॉकमधल्या दहा-बारा जणांची अशी वरात मी गॅलरीतून पाहिली होती. ह्यांना आयुष्याकडून तेवढंच हवं होतं. एक गाडी आणि मागे लोकांनी म्हणावं, माणूस स्वच्छ गेला.

ह्यांची निवृत्ती मे अखेरीला होती. नंतर क्वार्टर सोडायचं, म्हणून फेब्रुवारीतच मी माळा आवरायला काढला. माझी लग्नातली ट्रंक उघडली, तर तळाशी पिवळ्या फडक्यात बांधलेली माझी पत्रिका. माझे वडील भाऊसाहेब, आम्ही भाऊ म्हणायचो, पुण्याजवळच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत स्टोअरकीपर होते. देवाला कधी हात जोडला नाही, ज्योतिषाला दारात उभं केलं नाही. तरी सासरी निघताना त्यांनीच ती पुरचुंडी माझ्या हातात दिली होती. "पत्रिका जपून ठेव गं. अडचण आली तर उघड." मला वाटलं, लेक निघाली की कसला आलाय बुद्धिवाद. अडचणी आल्या तशा गेल्या, पण अडचणीत पत्रिका कोण उघडतं? आपण नवऱ्याशी भांडतो. भाऊ सोळा वर्षांपूर्वी झोपेतच गेले, त्यामुळे पुढे काही सांगायचं राहिलंच.

फडकं सोडलं तर पत्रिकेच्या घडीत चार जाड कागद. माझं माहेरचं नाव, पुढे 'अज्ञान', म्हणजे वयाने लहान, पालक म्हणून भाऊंची सही. कंपनीचे शेअर्स. त्या काळी कामगारांना पगारातून हप्ते कापून देत असत, ते भाऊंनी माझ्या नावावर घेतले होते.

केतकी गुडगावला नोकरी करते, तिला असलं कळतं. तिने फोटो काढून नेले आणि पुढच्या रविवारी आली ती चप्पलही न काढता म्हणाली, "आई, तू आधी बस." मग तिने सांगितलं. इतक्या वर्षांत एका शेअरचे कितीतरी झाले होते. पत्ता बदलल्यामुळे सगळे सरकारच्या बेवारस खात्यात पडून होते, पण माझेच होते आणि अर्ज केला की मिळणार होते. "आजच्या भावाने एक करोड सत्तर लाख."

"रुपये?" मी विचारलं.

"नाही, पंप," ती म्हणाली. बापाच्या वळणाची नाही ही पोरगी, माझ्या वळणाची आहे.

मी हसले आणि मग मला रडू आलं. भाऊंना दोनच शर्ट होते. एक अंगात, एक दोरीवर. मला नवी सायकल हवी होती, तेव्हा ते म्हणाले होते, पुढच्या वर्षी. आठवी, नववी, दहावी, पुढचं वर्ष काही आलं नाही, आणि मी त्यांच्यावर किती वर्षं राग धरला होता. ती सायकल ह्या कागदांत गेली होती.

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कागद उलटसुलट वाचले. आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "कळवावं लागेल."

"कुणाला?"

"विभागाला."

केतकी म्हणाली, "बाबा, प्लीज यार. हे आईचं आहे, तिच्या माहेरचं. तुम्हाला रूल लागूच होत नाही, मी वाचलंय."

"मीही वाचलंय," हे म्हणाले. "लागू होत नाही. पण उद्या हे पैसे येणार, आपण घर घेणार, आणि कोणीतरी म्हणणार की दाभोळेकडे निवृत्तीच्या तोंडावर कोटी रुपये कुठून आले? आधी कळवलेलं बरं. अॅबंडंट कॉशन." हा ह्यांचा लाडका शब्द. फायलीत लिहायचा. म्हणजे गरज नसताना घेतलेली काळजी.

"अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची असते," मी म्हणाले. "आणि आपली तर पावणेदोन कोटींची आहे. कोणी विचारलेलं नसताना सांगायला गेलं की लोकांना वाटतं, ह्याच्या पोटात आणखी काहीतरी आहे. गप्प बसा. मी सांगते म्हणून गप्प बसा."

"लपवलं तर मला झोप लागणार नाही."

"सांगितलंत तर मला लागणार नाही."

तासभर वाद झाला. शेवटी असं ठरलं की पैसे हातात येईपर्यंत कोणी कोणाशी बोलायचं नाही. "कुणाशी म्हणजे कुणाशीही नाही," मी दोघांपुढे बोट नाचवून सांगितलं. हे अकरा दिवस गप्प बसले. मी चौथ्या दिवशी बोलले.

ते कसं झालं ते सांगते, सफाई म्हणून नाही. दिल्लीत फेब्रुवारीतलं दुपारचं ऊन म्हणजे बायकांची कचेरी. ब्लॉकमागच्या हिरवळीवर चटया टाकून आम्ही मटार सोलायला बसतो. त्या दिवशी मी आणि प्रज्ञा दोघीच होतो. प्रज्ञा वरच्या मजल्यावरची, सोलापूरची. तिचा नवरा यतीन दुसऱ्या मंत्रालयात. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, स्वभावाने चांगली, मला ताई म्हणते. शेंगा सोलता सोलता म्हणाली, "ताई, तुमची मला काळजी वाटते. सगळ्यांनी वेळेवर द्वारकेला, नोएडाला घरं केली. भावजींनी काहीच केलं नाही ना. आता क्वार्टर गेल्यावर कुठे जाणार हो? माझ्या ओळखीत गाझियाबादकडे, वैशालीला एक खोली-किचन आहे भाड्याने."

काळजीनेच बोलत होती. पण ते खोली-किचन माझ्या वर्मी लागलं. सव्वीस वर्षं सरोजिनी नगरच्या बाजारात ढिगाऱ्यातून शोधून काढलेले पंजाबी ड्रेस घातले, एका शब्दाने कुरकुरले नाही, आणि आता ही पोर मला गाझियाबादला खोली शोधून देतेय. मी म्हणाले, "माझ्या बापाने माझी सोय करून ठेवली आहे, प्रज्ञा." आणि मग काय, पाटाचं पाणी फुटावं तसं सगळं गेलं. पत्रिका, पिवळं फडकं, चार कागद, आकडासुद्धा. तिने मटाराचं ताट बाजूला ठेवून मला मिठी मारली. "ताई, कुणाला सांगणार नाही. तुमची शपथ." मला इतकं बरं वाटलं होतं त्या दिवशी. भाऊंचं कौतुक कोणाजवळ तरी करायचं होतं मला, आणि ते करायची चोरी झाली होती.

अकराव्या दिवशी ह्यांनी पत्र लिहिलं. मला न सांगता, सकाळी साडेनऊला, ऑफिसात. संध्याकाळी घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाले, "कळवून टाकलं." चेहरा कसा, परीक्षेचा पेपर देऊन आलेल्या मुलासारखा. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. मग बोलावं लागलं, कारण ब्लॉक बोलायला लागला.

आता ऑफिसातला कागद संगणकातून फिरतो. पण वाचणारी माणसं तीच असतात. ह्यांचं पत्र खालून वर गेलं, वरून दक्षता शाखेत गेलं, तिथून शेऱ्यासाठी पुन्हा खाली आलं. आठ दिवसांनी भाजीवाला मला म्हणाला, "भाभीजी, अब तो गुडगाँव शिफ्ट हो जाओगे." मदर डेअरीच्या रांगेत एक बाई म्हणाल्या, पाच कोटी ऐकलं. दुसरीने तीन फ्लॅट ऐकले होते. मी नवी चादर वाळत घातली तर समोरच्या गॅलरीतून दोघी तिचं कापड निरखत होत्या. आणि खरं सांगू का, हातात एक पैसा आला नव्हता. केतकीने भरलेला अर्ज कुठेतरी पडून होता, रोज त्याची स्थिती एकच दाखवत होता, 'प्रक्रियेत'.

पाडव्याला मंडळाचा कार्यक्रम झाला. अध्यक्ष दत्तात्रय कुळकर्णी मोठे गोडबोले. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दाभोळे, आता तुम्हाला निवृत्तीची गडबड. पेटीचा भार आणखी कशाला? हणमंतकडे देऊ." हे "बिल्कुल, बिल्कुल" म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी पेटी पोचवून आले. घरी येऊन कपाटातल्या त्या रिकाम्या जागेत पेपरची रद्दी ठेवली. मीच भांडी आपटली.

एप्रिलच्या सुरुवातीला दक्षता शाखेचा कागद आला. आमच्या ह्यांनी तो मला जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवला. नियमानुसार पत्नीच्या स्वतःच्या संपत्तीबाबत कळवण्याची आवश्यकता नसताना संबंधित अधिकाऱ्याने ते कळवण्याचं प्रयोजन काय, याचा खुलासा सात दिवसांत करावा.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे, गरज नव्हती तर का सांगितलंत, असं विचारतायत."

"मग काय लिहिणार?"

ह्यांनी बराच वेळ चमच्याने आमटी ढवळली. छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या खुलाशांवर शेरे मारलेला माणूस. "खरं तेच लिहिणार," म्हणाले. पण खरं काय ते लिहायला ह्यांना चार दिवस लागले. प्रामाणिकपणा दाखवायला सांगितलं, असं काही फायलीत लिहिता येत नाही.

त्या खुलाशाचं उत्तर यायच्या आत तक्रार आली. हिंदीत टाइप केलेली, खाली एक नाव आणि लक्ष्मीनगरचा पत्ता. असलं नाव, असला पत्ता कुठेच नाही हे नंतर कळलं. विभागातल्या एका भल्या पोराने ह्यांना तिची प्रत गुपचूप दिली. मी पोळ्या लाटत होते, हे ओट्याशी उभे राहून वाचत होते. ठेकेदारांकडून घेतलेला पैसा बायकोच्या नावे फिरवला, आता जुने शेअर्स सापडल्याचं नाटक, वगैरे. मी तोंडाने शिव्या घालत होते. मग ह्यांनी पुढची ओळ वाचली. "श्रीमती दाभोले ने ये शेयर अपनी जन्मपत्री में छिपाकर रखे थे."

माझा हात लाटण्यावर तसाच राहिला.

"पत्रिकेचं त्याला कसं कळलं?" हे म्हणाले. "मी तर पत्रात 'जुन्या कागदपत्रांत आढळले' एवढंच लिहिलं होतं."

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. तव्यावरची पोळी काळी झाली, घरभर धूर झाला, मला खोकला आला, तेवढ्यात सांगून झालं असतं. पण घरात गप्प बसा, गप्प बसा म्हणून डोकं उठवणारी मी होते. ह्यांना 'तुम्ही बोललात म्हणून झालं' असं रोज दोन वेळ जेवणाबरोबर वाढणारी मीच होते. कुठल्या तोंडाने सांगणार? मी पोळी उलटली.

ह्यांनी केतकीला फोन लावला. "तू कुणाजवळ बोललीस का गं?" पलीकडून तिचा आवाज मला ऐकू येत होता. "बाबा, मी कुणालाच नाही बोलले. तुम्हाला मी अशी वाटते?" ती रडायला लागली. मी शेजारी उभी होते आणि माझ्या पोरीला माझ्यासाठी रडू देत होते. हे म्हणाले, "नाही गं, सहज विचारलं."

दुपारी मी वर गेले. प्रज्ञाने दार उघडलं आणि माझा चेहरा पाहूनच म्हणाली, "ताई, मी फक्त यतीनला सांगितलं. नवऱ्याला सांगणं म्हणजे काय सांगणं असतं का?" आणि यतीनने ऑफिसला जायच्या चार्टर्ड बसमध्ये सांगितलं होतं. वाईट हेतूने नाही. गंमत म्हणून. 'घरातल्या जुन्या पत्रिका तपासा रे, आमच्या खालच्या वहिनींना कोटी रुपये सापडले.' सगळी बस हसली होती. त्या बसमध्ये बावन्न माणसं असतात आणि ती अठरा ऑफिसांत उतरतात. कोणाला धरू? मी तिला काय बोलणार होते? माझं तोंड मी आवरलं असतं तर तिला आवरायची वेळच आली नसती. "जाऊ दे," म्हणाले आणि तिच्याच पायरीवर बसले.

मग आमचं पानिपत झालं ते असं, बसल्या जागी, तलवार न उपसता. तक्रार खरी का खोटी ते तपासायला विभागाने तक्रारदाराला पत्र पाठवलं. तुम्हीच ही तक्रार केलीत ना, याची पंधरा दिवसांत खात्री द्या. जो माणूसच नाही तो खात्री काय देणार? पंधरा दिवसांनी स्मरणपत्र गेलं. तोवर फाइल उघडी. फाइल उघडी म्हणून दक्षतेचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून पेन्शन तात्पुरती आणि ग्रॅच्युइटी अडकलेली. रोज संध्याकाळी मी विचारायचे, "काय म्हणतात?" हे म्हणायचे, "उत्तराची वाट बघतायत." आम्हीही बघत होतो. लक्ष्मीनगरच्या त्या न जन्मलेल्या माणसाने एकदाचं काहीतरी लिहावं म्हणून मी देवाला नारळ बोलले.

दोनदा मी सांगायला गेले. एकदा सकाळी चहा देताना. पण हे म्हणाले, "उल्का, आज जरा छातीत धडधडतंय," आणि आम्ही डिस्पेन्सरीत गेलो. एकदा संध्याकाळी, तर ह्यांनीच विषय काढला. "मीच कुठेतरी बोललो असेन. कँटीनमध्ये, हाताखालचा मेहरा होता तेव्हा. मला आठवत नाही, पण दुसरं कोण बोलणार? उगाच पोरीला विचारलं." माणूस स्वतःच्या डोक्यातली कपाटं उपसून, न केलेली चूक शोधत बसला होता. मी ठरवलं, निवृत्तीचा दिवस होऊन जाऊ दे. मग सांगेन.

मे अखेरीला उन्हाची आग होती. मी सकाळपासून बटाटेवड्यांचं सारण करून ठेवलं, शिरा केला, तबक तयार ठेवलं. केतकी रजा काढून आली. ब्लॉकमधल्या बायकांना मी आठवडाभर आधी सांगितलं होतं. पाच वाजता प्रज्ञा तेवढी आली, खाली मान घालून पाण्याचे ग्लास भरायला लागली. बाकीच्यांच्या दारांचे पडदे ओढलेले होते.

सव्वापाचला गाडी आली. पांढरी, सरकारी. हे मागच्या सीटवर, मांडीवर शाल आणि भिंतीवरचं घड्याळ. बरोबर दोघंच, सेक्शनमधला मेहरा आणि एक नवा पोरगा. संयुक्त सचिवांना मीटिंग होती म्हणे. छत्तीस वर्षांनी हे त्या गाडीतून उतरले आणि उतरताना ड्रायव्हरला "थँक यू, भाई" म्हणाले. मी ओवाळलं. ज्योत दोनदा विझता विझता राहिली. टाळ्या केतकीने वाजवल्या.

मेहरा वडे आवडीने खात होता. पंधरा वर्षं ह्यांच्या हाताखाली काम केलेला माणूस, मनाने निर्मळ. खाता खाता त्याची नजर घरभर फिरत होती. सोफा, पंखा, जुना फ्रीज. मग खुर्ची जरा पुढे ओढून तो म्हणाला, "सर, वो कंपनी कौन सी थी? हमें भी बता देते."

हे म्हणाले, "मेहराजी, वो तो इनके पिताजी ने..." आणि सगळं सांगायला लागले. पगारातून कापलेले हप्ते, माळ्यावरची ट्रंक, सापडल्याची तारीख. कोर्टात साक्ष देतात तसं. नवा पोरगा मोबाइलमध्ये बघून हसू लपवत होता. मेहराने सगळं ऐकून घेतलं, ह्यांच्या गुडघ्यावर थोपटलं आणि अगदी मायेने म्हणाला, "छोड़िए ना सर. हमसे क्या छुपाना. सबने किया है, छत्तीस साल में आपने भी एक बार कर लिया तो क्या हुआ? आपकी इज्जत हमारी नजर में उतनी ही है."

त्याने शिव्या घातल्या असत्या तर भांडता आलं असतं. माफीशी कसं भांडायचं? ह्यांनी मेहराच्या बशीत आणखी एक वडा ठेवला. "लीजिए," म्हणाले.

गाडी गेली. केतकीला सकाळी ऑफिस होतं, तीही थोड्या वेळाने गेली. जाताना बापाला घट्ट मिठी मारली, माझ्याकडे पाहून 'सांभाळ' अशी मान हलवली. मी उरलेलं सारण फ्रीजमध्ये ठेवत होते. चाळीस वड्यांचं सारण होतं. हे गॅलरीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. ते घड्याळ अजून मांडीवरच होतं, कागद न सोडलेलं.

"उल्का," ह्यांनी हाक मारली.

मी हात पुसत गेले. आज सांगायचं, आत्ता सांगायचं, असं मनाशी म्हणत गेले. ह्यांच्या शेजारी स्टुलावर बसले. समोरच्या गॅलरीत कोणीतरी पडदा सारला.

"तुझं बरोबर होतं," हे म्हणाले.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे बाहेर बघत होते.

"तू सांगितलं होतंस, गप्प बसा. मी ऐकलं नाही. मला वाटलं, आपण सरळ आहोत ना, मग सरळ सांगितलं की लोक सरळ घेतात. तू किती ओळखतेस माणसांना. तू बघ, एक शब्द कुणाजवळ बोलली नाहीस. एवढी मोठी गोष्ट, तुझ्या वडिलांची, तुला किती सांगावंसं वाटलं असेल. आणि मी जाऊन..." ह्यांचा आवाज फाटला. ह्या माणसाला मी स्वतःच्या आईच्या अंत्यविधीलासुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. ह्यांनी माझा हात हातात घेतला. "पत्रिकेचंही मीच कुठेतरी बोललो असेन. नाही का?"

बत्तीस वर्षं वाट पाहिलेलं ते वाक्य ह्यांनी मला दिलं होतं. माझ्या हाताला अजून बटाट्याच्या सारणाचा वास येत होता. ह्यांनी तो सोडला नाही, उत्तराची वाट बघत राहिले.

"असेल," मी म्हणाले.